जन्मस्थळ: ऑकलंड ते व्हँकुव्हर

रविवार, १० ऑगस्ट

परवा ताईची फ्लाइट! ऑकलंड ते व्हँकुव्हर, नॉनस्टॉप. अंतर मी तीनदा काढलं, तिन्ही वेळा ११,३६० किमी आलं. एवढी लांब फ्लाइट आमच्या ओळखीतल्या कोणीच घेतलेली नाही. आमच्या विरारच्या मनवेलपाड्यात तर नक्कीच नाही. मी स्वतः एकदाच विमानात बसलेय, मुंबई-गोवा, तेही आयल सीट.

आई अजून चिडलेलीच आहे. ताईला सातवा महिना. विघ्नेश जिजूंना ऑकलंड सोडून व्हँकुव्हरला नवा जॉब लागला, एक सप्टेंबरला जॉइनिंग. आईचं एकच, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. विरारला घर आहे, आई आहे, हॉस्पिटल आहे. ही कुठे निघालीय उलट्या दिशेला?"

मी तिला सांगितलं की उलटी दिशा असं काही नसतं, पृथ्वी गोल आहे. बाबा पेपरमधून बोलले, "आईला भूगोल नको शिकवूस, मार खाशील."

ताईने मागच्या आठवड्यात मला विचारलेलं, "हेमू, मध्ये फिजीला एक दिवस हॉल्ट घेऊ का गं? पाय सुजतात." मी सरळ सांगितलं, डायरेक्ट घे. दोन टेकऑफ, दोन लँडिंग, बॅगा, सिक्युरिटी, कशाला? छत्तीस आठवड्यांपर्यंत एअरलाइन नेते, तुझे एकोणतीस. डॉक्टरचं लेटर आहे. एकदम सेफ. तिने डायरेक्ट घेतली. घरात माझं कोणी ऐकलं असं पहिल्यांदाच झालं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कॉलेजला दांडी. अडीचला (आपल्या) टेकऑफ झाला, तिथे रात्रीचे नऊ. ट्रॅकिंग अॅपवर ताईचं विमान बघायला जी मजा आली ना! इतकी वर्षं गच्चीवरून दुसऱ्यांची विमानं बघते. आज पहिल्यांदा आत आपलं माणूस.

सामोआच्या पुढे गेल्यावर रेष तुटक झाली. समुद्रात सिग्नल पकडायला खाली काही नसतं, मग अॅप अंदाजाने विमान पुढे सरकवतं. पैसे भरले तर सॅटेलाइटचं दिसतं. माझं फुकटवालं.

आईची अंगारकी. चंद्रोदय नऊ सतराला, पण ढग इतके की चंद्र कुठे कळेना. आई खिडकीत ताट घेऊन उभी. मी बोलले, "आई, चंद्र उगवलाय, ढगामागे आहे, तू जेव." ती बोलली, "तुझ्या विमानासारखं का? दिसत नाही पण आहे म्हणायचं?"

आत्ता साडेनऊ. माझ्या हिशोबाने ताई अर्ध्याहून पुढे. सगळं वेळेवर.

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळी साडेपाचला जिजूंचा फोन. मी, आई, बाबा तिघंही एका मोबाइलवर वाकून.

बाळ झालं. विमानातच. मुलगा. बाराशे पन्नास ग्रॅम. विमान हवाई बेटांवर होनोलुलूला उतरवलं, बाळ तिथल्या हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत आहे. ताई ठीक आहे. "ठीक आहे" असं जिजू दोनदा बोलले.

आईने पहिलं विचारलं, "किती वाजता?"

"इथल्या साडेसहाच्या सुमारास, आई. मंगळवारी सकाळी."

आईने माझ्याकडे बघितलं. "मंगळवारी रात्री नऊला ना बसले विमानात?"

मी सांगितलं की तारखेची रेषा असते. ती ओलांडली की एक दिवस मागे जातो. ऑकलंडला बुधवार उजाडत होता, होनोलुलूला मंगळवारच, आपल्याकडे मंगळवारी रात्री दहा.

"म्हणजे बसायच्या आधीच जन्मला?"

बाबा हसले. मग रडले. मी बाबांना याआधी रडताना बघितलेलं नाही, म्हणून मी किचनमध्ये गेले.

बाबा ऑफिसला गेले नाहीत. दिवसभर अमेरिकन व्हिसाची साइट उघडून बसले. सगळ्यात जवळची तारीख पुढच्या वर्षीची. इमर्जन्सीसाठी वेगळा फॉर्म आहे, तो भरला. रिलेशनमध्ये 'ग्रँडफादर' लिहून बराच वेळ तसेच बसलेले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आईने निर्मळच्या शत्रुघ्नकाकांना फोन लावला. देवळाजवळची वझेंची वाडी त्यांचीच, केळी आणि फुलं, आणि ते पत्रिका करतात. माझी आणि ताईची त्यांनीच केलेली.

काका बोलले, "वहिनी, वेळ कळली, तारीख कळली. जन्मस्थळ काय घालू? माझ्या कॉम्प्युटरमध्ये विरार आहे, वसई आहे, न्यूयॉर्कसुद्धा आहे. समुद्र नाही."

आईने फोन झाकला. "हेमे, ते विमान तेव्हा कुठे होतं, ते काढता येतं?"

येतं!! म्हणजे हेच तर मला येतं. कालपासून या घरात मी चहा करणं आणि फोन चार्जिंगला लावणं एवढंच करतेय. आईला धीर द्यायला जाते तर ती बोलते बाजूला हो. आणि आता आई मला विचारतेय. दोन एअरपोर्टमधलं अंतर, हवेतला वेळ, स्पीड. साडेसात तास, तासाला साधारण ८६२. म्हणजे ऑकलंडपासून ६,४६५ किमी. त्या रेषेवर तेवढं पुढे गेलं की १३.४ उत्तर, १५४.१ पश्चिम.

काकांना हे पाहिजे कारण लग्नरास जागेवरून ठरते. जन्माच्या वेळी त्या जागेवरून पूर्वेला जी रास उगवत असते, ती. मी विश्वास ठेवते का? माहीत नाही. पण आकडा बरोबर आहे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाची सुट्टी म्हणून बाबांनी स्कूटरवर निर्मळला सोडलं, मला आणि आईला दोन फेऱ्यांत.

काका मोगरा ओवत बसलेले. माझा कागद बघून बोलले, "हे सरळ का नाही गेलं? नकाशात वाकडं दिसतंय." मी इकडेतिकडे बघितलं, काहीतरी गोल पाहिजे होतं. अंगणात पपनस पडलेलं, डोक्याएवढं. त्याला दोन टाचण्या टोचल्या, एक ऑकलंड, एक व्हँकुव्हर, आणि फुलांचा दोरा ताणून बांधला. "काका, दोरा ताणला की तो आपोआप जवळचा रस्ता घेतो." मग दोऱ्यावर नखाने खूण केली. "इथे."

काका पपनस हातात फिरवत राहिले. "आणि या खुणेच्या खाली काय?"

"पाणी. साधारण पाच किलोमीटर खोल."

आई बोलली, "गप गं."

काकांनी आकडे घातले. लग्न सिंह आलं, एक अंश. त्यांनी आकडे परत एकदा तपासले. मग, "काठावर आहे हे. लग्नसंधी म्हणतात. पाचदहा मिनिटं इकडेतिकडे झाली की रास बदलते. मी यावरून काही सांगणार नाही, वहिनी."

आईने विचारलं, "सिंह धरलं तर चंद्र कितवा?"

काका मोगऱ्याकडे बघत बोलले, "आठवा. शनीबरोबर."

 मला वाटलं आई पुढे काहीतरी विचारेल. तिने पदराने तोंड पुसलं, दक्षिणा ठेवली, उठली. पपनस काकांनी तिच्या पिशवीत घातलं, टाचण्या काढून.

घरी येऊन मी गुगल केलं. आठवा चंद्र म्हणजे लहान बाळाला वाईट.

शनिवार, १६ ऑगस्ट

आई जेवत नाहीये. उपास नाही असं सांगते, भूक नाही. आकडा मी काढला. मी नसता काढला तर काका बोलले असते समुद्राची पत्रिका होत नाही, आणि विषय संपला असता.

सोमवार, १८ ऑगस्ट

चूक सापडली!

जिजूंचा व्हिडिओ कॉल आलेला. त्यांनी दाढी केली नाहीये. मागे हॉस्पिटलचा कॉरिडॉर. बोलताना सहज बोलले, "कॅप्टनने लगेच वळवलं गं हेमांगी, नाहीतर..."

वळवलं! मी मूर्खासारखी विमान सरळ व्हँकुव्हरच्या रेषेवर ठेवून बसलेले. होनोलुलू त्या रेषेवर नाहीच. बाळ झालं तेव्हा विमान आधीच वळलेलं होतं, पश्चिमेला!

"जिजू, वळवल्यानंतर किती वेळाने झालं?"

"तासभर असेल. पाऊण. मला नाही आठवत. का?"

"असंच."

पुन्हा काढलं. अर्ध्या वाटेवर वळलं, तिथून होनोलुलूकडे ५५ मिनिटं. १४.२ उत्तर, १५७.८ पश्चिम. काकांना फोन केला. त्यांनी घातलं. कर्क, अठ्ठावीस अंश. "चंद्र नववा येतोय," ते बोलले. "नववा चांगला. पण हेमांगी, वेळ पक्की ना? अजून दहा मिनिटं पुढे गेली तर परत सिंह."

वेळेचं असं आहे. जिजूंनी फॅमिली ग्रुपवर क्रूच्या रिपोर्टचा फोटो टाकलाय, इन्शुरन्ससाठी. त्यात जन्माची वेळ १६:४२ यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची वेळ, अशी लिहिलीय. होनोलुलूचे सहा बेचाळीस. जिजू बोलतायत साडेसहा. आता क्रूला तेव्हा शंभर कामं असणार, त्यांनी सगळं झाल्यावर कागद भरला असणार. जिजू स्वतः तिथे होते. आय-विटनेस. जो माणूस बाजूला उभा होता त्याचं धरायचं, हे लॉजिकल आहे. मी साडेसहा धरलं.

आईला सांगितलं, "माझी चूक होती. विमान वळलेलं. कर्क लग्न आहे, चंद्र नववा."

आई कांदा चिरत होती. "वेळ कुठली धरलीस?"

"साडेसहा. पक्की."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बोलली, "बरं. भात लावतेस का?"

मंगळवार, १९ ऑगस्ट

आई जेवली! बिरड्याची उसळ, दोनदा भात. बाबा खूश. ती मला उगाचच सांगत होती, "तू काढलंस म्हणून कळलं हो. नाहीतर आम्हाला काय कळणार होतं." मी इतकी हलकी झाले की गच्चीवर जाऊन अर्धा तास विमानं बघितली.

आज बाळाचा व्हिडिओ आला. पेटीत, नाकाला नळ्या, पायाच्या अंगठ्यावर लाल दिवा. जिजूंचं बोट त्याच्या पंजाजवळ होतं, पूर्ण पंजा बोटाच्या पेराएवढा. ताई व्हिडिओत नव्हती. तिचा आवाजही नव्हता. आईने विचारलं तर जिजू बोलले झोपलीय.

ताई गेल्या आठवड्यात चार वाक्यं बोललीय. "आई, बरी आहे." "हो, खाल्लं." "नको, पाठवू नका काही." "ठेवते."

थकली असेल.

गुरुवार, २१ ऑगस्ट

जिजूंचा मेसेज फक्त मला: "हेडच्या स्कॅनमध्ये ब्लीड दिसलंय. ग्रेड फोर. आई-बाबांना आत्ता नको सांगूस."

ग्रेड फोर म्हणजे पाचपैकी चार, दहापैकी चार, काय? रेजिनाताईला फोन केला. माझ्या शाळेतल्या लेस्टरची मोठी बहीण, वसईला बाळांच्या आयसीयूमध्ये नर्स आहे. तिला सगळं वाचून दाखवलं. वजन, आठवडे, ग्रेड फोर.

"कितीपर्यंत असतात ग्रेड?"

"चार," ती बोलली.

 मागे कुठलं तरी मशीन टिंटिं वाजत होतं. मी विचारलं की तुमच्याकडे अशी बाळं बरी होतात ना. ती बोलली, "हेमांगी, तुझ्या ताईजवळ कोण आहे गं तिथे?"

"जिजू."

"बरं. मी आज चर्चमध्ये संध्याकाळच्या मिसाला नाव घेते त्याचं. नाव ठेवलंय का?"

नाही ठेवलंय अजून. ती फार बोलली नाही, ड्युटीवर असेल. नंतर नीट विचारेन.

नाव ठेवायला हवं. मी आईला बोलले. आईने चार नावं सुचवली. मी ताईला पाठवली. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

बाबांच्या इमर्जन्सी फॉर्मला उत्तर आलं. ट्रीटिंग डॉक्टरचं लेटर पाहिजे. जिजूंना मेसेज केला, लेटर मागा. ते बोलले, मागतो. मग दहा मिनिटांनी, "बाबांना सांग, लेटरची घाई नको."

मला वाटलं डॉक्टर वीकेंडला नसतील. बाबांना तसंच सांगितलं. बाबांनी लॅपटॉप बंद केला, हळू, आवाज न करता.

रविवार, २४ ऑगस्ट

गेला.

मंगळवार, २६ ऑगस्ट

काही लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर डोक्यात तेच आकडे फिरतात.

बाराव्या दिवशी. डॉक्टरांनी नळ्या काढल्या आणि दोन तास ताईच्या छातीवर ठेवलं. जिजूंनी फोन केला तेव्हा आई पीठ मळत होती. हात तसेच पिठाचे ठेवून ती खुर्चीत बसली. मला वाटलं ती काकांचं काढेल, नववा चंद्र काढेल, मला ओरडेल. मी त्याचीच वाट बघत होते. नाही ओरडली.

बाबांनी विचारलं तिथे काय करतात. म्हणजे नंतर. जिजू बोलले, इथे छोटं क्रिमॅटोरियम आहे. दोघंच होते. आमच्यापैकी कोणी नाही. इथून होनोलुलू १२,९०० किमी आहे, मी लगेच काढलं, का काढलं माहीत नाही.

उद्या गणपती. बिल्डिंगच्या मंडळाची पोरं वर्गणीला आली, बाबांनी दारातूनच दिली. आमचा दीड दिवसाचा आणायचा की नाही यावर आई एवढंच बोलली, "लेकीच्या घरचं. सुतक आपल्याला नाही. पण माझे हात उठणार नाहीत मोदकाला." बाबा बोलले, नको मग.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज मी आईला खरं सांगून टाकलं. ती गच्चीवर कपडे काढायला आलेली. खाली मंडळाचा ताशा.

"आई, त्या कागदावर सहा बेचाळीस होतं. मी साडेसहा सांगितलं. बेचाळीस धरलं असतं तर सिंहच आलं असतं."

आई चादरीची घडी घालत होती. एक टोक मला दिलं.

"ग्रुपवर फोटो होता की," ती बोलली. "यूटीसी आणि होनोलुलूचे तास वेगळे, मिनिटं तीच, हे तूच त्या दिवशी बाबांना समजावत होतीस. सोळा बेचाळीस मलाही वाचता येतं गं."

"मग तू जेवलीस कशी?"

"तू बघत होतीस ना ताटाकडे. दोन दिवस चेहरा बघवत नव्हता तुझा."

चादर तिने माझ्या हातातून घेतली. मला वाटत होतं मी तिला सांभाळतेय.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

ताईचा फोन. स्वतःहून, पहिल्यांदा. व्हँकुव्हरला पोचलेत. जिजूंचं जॉइनिंग सोमवारीच आहे, पुढे ढकललं नाही. घरात अजून फर्निचर नाही, तिचा आवाज घुमत होता.

"हेमू, तू विमानाचं काढलेलंस ना सगळं? आई बोललेली."

"हो."

"मग एक सांग. ऑकलंडचे एक पस्तीस वाजलेले तेव्हा आम्ही कुठे होतो?"

"का?"

"मला तेव्हा सुरू झालेलं. पहिली कळ. मी स्क्रीनवर वेळ बघितली. सगळे झोपलेले, लाइट बंद. विघ्नेश आदल्या दोन रात्री पॅकिंगमुळे झोपला नव्हता. मला वाटलं गॅस असेल. मग वाटलं, एवढं मोठं विमान, साडेतीनशे माणसं, माझ्या पोटात दुखतंय म्हणून कुठे थांबवणार. दोन तास मी मोजत बसले. कळा. मग उठवलं त्याला. तेव्हाच उठवलं असतं तर जवळ काही होतं का? एअरपोर्ट? तू बघ ना. तुला येतं."

मी बोलले, बघून सांगते. ती बोलली, थांबते लाइनवर.

आई बाजूला होती, फोन स्पीकरवर. लॅपटॉप उघडाच होता. चार तास पस्तीस मिनिटं. ६.६ दक्षिण, १६५ पश्चिम, एवढं मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिथून होनोलुलू तीन हजारच्या वर. पण मागे, सामोआ. अपियाचा एअरपोर्ट. तीन किलोमीटरचा रनवे, मोठं विमान आरामात उतरतं. माझ्या समोर आकडा आला, १,१०७. सव्वा तास. ताईने तेव्हा उठवलं असतं तर बाळ व्हायच्या दीड तास आधी ती जमिनीवर असती. तिथलं हॉस्पिटल कसं आहे, पेटी आहे का, मला माहीत नाही. ते माझ्या कुठल्याच फॉर्म्युल्यात येत नाही.

स्क्रीन आईच्या समोर होती. तिला नकाशा कळला की नाही माहीत नाही. माझा चेहरा कळला असणार.

"सुरुची," आई बोलली, "हिने काढलंय बघ. काही नव्हतं गं. सगळं पाणीच. होनोलुलूच त्यातल्या त्यात जवळ."

"हेमू?"

आईने माझा हात धरला. घट्ट.

मी बोलले, "हो ताई. होनोलुलूच."

"बरं," ताई बोलली. आणि ठेवला.

आई उठून किचनमध्ये गेली. नळ सोडला, पण भांडी नव्हती सिंकमध्ये.

शनिवार, ३० ऑगस्ट

सकाळी अकराला ताईचा मेसेज. एक स्क्रीनशॉट. कुठल्याशा अंतर मोजायच्या वेबसाइटचा, निळ्या नकाशावर एक छोटी लाल रेघ, एका टोकाला अपिया, दुसऱ्या टोकाला मी काल वाचून दाखवलेली जागा. १,१०४ km.

खाली: "तुझं किती आलेलं?"

मी दहा मिनिटं फोन घेऊन बाथरूममध्ये बसले. काय काय टाइप केलं आणि खोडलं. तिथे हॉस्पिटल लहान आहे. कॅप्टनने कदाचित ऐकलं नसतं. डायरेक्ट घे असं मीच सांगितलेलं, फिजीला थांबायचं होतं तुला. हे शेवटचं बराच वेळ खोडलं नाही.

मग फक्त आकडा पाठवला. १,१०७.

फोन आला. मी उचलला. तिच्याकडे फ्रिजचा की कसला घूं घूं आवाज.

"तीनचा फरक का येतो गं?" तिने विचारलं.

"मी पृथ्वी पूर्ण गोल धरते. खरी थोडी चपटी आहे. त्या साइटने ते धरलंय."

"म्हणजे माझं बरोबर."

"हो. तुझं जास्त बरोबर."

"काल खोटं का बोललीस?"

 मी बोलले, "ताई, फिजीचा हॉल्ट मी नको सांगितला."

"माहीतेय," ती बोलली. आणि मग तिला रडू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मोठ्याने, लहानपणी जिन्यावरून पडलेली तेव्हा रडलेली तसं, मध्ये मध्ये श्वास अडकून.  अंतर माहीत होतं मला तिच्या घरापर्यंतचं, तेही बोलून उपयोग नव्हता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाहेर येऊन जमिनीवर ठेवला.

आई आली, हात ओले. कोण, असं मानेने विचारलं. आवाज ऐकून तिला कळलं. ती फोनच्या बाजूला खाली बसली. काही नव्हतं असं या वेळी बोलली नाही. ओला हात पदराला पुसला आणि फोनवर ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतो तसा. त्याने आवाज दबला.

मी तिचा हात थोडा बाजूला सरकवला, आणि आवाज वाढवला.